ऊन खाणारं कपाट

मराठी माणसाचा उन्हावर जेवढा विश्वास असतो तेवढा सख्ख्या भावावरही नसतो. गव्हात किडे झाले, उन्हात टाका. गादीत ढेकूण झाले, उन्हात टाका. पापड, कुरडया, सांडगे, तिखटाच्या मिरच्या, नुकतंच न्हाऊ घातलेलं बाळ आणि नुकतेच निवृत्त झालेले आजोबा हे सगळे एकाच गच्चीवर, एकाच उन्हात आपापल्या परीने सुधारत असतात. रथसप्तमीला दूध उतू घालून आपण त्याबद्दल आभारही मानतो. त्यामुळे हेच ऊन दुपारी चारला हॉलच्या खिडकीतून शिरून टीव्हीखालच्या कपाटाचा रंग घेऊन जातं, हे घरात कोणालाच पटत नाही. संशय आधी कामाच्या मावशींवर जातो: फडक्याला काहीतरी लावलं असणार. मग बोअरच्या पाण्यावर. मग कपाट करणाऱ्या मिस्त्रींवर. आणि शेवटी ‘तेव्हा स्वस्तातला मायका चालेल असं कोण म्हणालं होतं?’ या प्रश्नाने तपास घरच्या कर्त्या पुरुषापाशी येऊन थांबतो. सूर्य मोकळाच फिरतो.

वास्तविक आरोपीने स्वतःच पंचनामा करून ठेवलेला असतो. कपाटावरचा क्रोशाचा रुमाल उचलून पाहा. आत्याने ऐन उमेदीत विणलेल्या त्या रुमालाचा एकेक खांब, एकेक साखळी आणि कडेची झालर मायक्यावर गडद तपकिरी रंगात उमटलेली असते; भोवतालचा सगळा मुलूख फिक्कट बिस्किटी. त्याच्या मागे जुन्या डबा टीव्हीचा चौकोन. तो टीव्ही भंगारवाल्याने नेऊन जमाना झाला, पण सातबाऱ्यावर अजून नाव त्याचंच. नवा सपाट टीव्ही त्या चौकोनात दोन बारक्या पायांवर अंग चोरून उभा असतो. एका कोपऱ्यात मुलाच्या चौथीतल्या पेल्याचं गोल बूड, दुसऱ्या कोपऱ्यात लँडलाइन फोनची जागा. सासूबाईंना अजूनही तिथे फोन वाजल्याचा भास होतो, कारण जागा तरी दिसते.

नीसेफोर न्येप्स नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८२६-२७च्या सुमारास डांबर फासलेला एक पत्रा आपल्या खिडकीशी ठेवला आणि बाहेरची घरं त्याच्यावर उन्हाने उमटवली. निसर्गातल्या दृश्याचं आज टिकून असलेलं सगळ्यात जुनं छायाचित्र ते हेच. त्याला ऊन पुष्कळ तास खर्चावं लागलं. आपल्याला दहा-बारा वर्षं लागतात, पण आपल्याला कॅमेरा लागत नाही आणि आपण हे काम टीव्ही बघता बघता करतो.

कपाट पूर्वीसारखं व्हावं म्हणून मिस्त्रींना बोलावलं जातं. मिस्त्री येतात, कपाटावरून बोट फिरवतात, खिडकीकडे बघतात, पुन्हा कपाटाकडे बघतात.

“काका, ह्याला पॉलिश नाही होणार.”

“का? आमच्या वडिलांच्या आरामखुर्चीला तुम्हीच केलंत ना? नवी निघाली.”

“ते लाकूड होतं.”

“मग हे?”

“हा कागद आहे.”

आतल्या खोलीतून प्रश्न येतो, “काय म्हणतायत?”

“कागद आहे म्हणतायत.”

“आणि पैसे कशाचे दिले होते?”

मिस्त्रींचं म्हणणं तंतोतंत खरं असतं. ज्याला आपण पाहुण्यांपुढे वॉलनट म्हणतो ते झाड नसून झाडाचा छापील फोटो असतो. सनमायकाचा आठ बाय चारचा, एक मिलिमीटर जाडीचा जो पत्रा दुकानातून येतो, त्यात तळाशी फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेल्या खाकी क्राफ्ट कागदाचे थर असतात, त्यांच्यावर लाकडाची नक्षी छापलेला एक पातळ कागद मेलामाइनमध्ये भिजवलेला, आणि त्याच्यावर कधी कधी आणखी एक पारदर्शक पापुद्रा. हे सगळं सव्वाशे-दीडशे अंश उष्णतेत प्रचंड दाबाखाली दाबलं की त्याचा टणक पत्रा होतो. छपाईचा रूळ गोल फिरत असल्यामुळे ठरावीक अंतरावर नक्षी परत पहिल्यापासून सुरू होते. वॉर्डरोबच्या डाव्या दारावर लाकडाची जी गाठ दिसते तीच, त्याच कलत्या मानेची, उजव्या दारावर सापडेल. आजारी माणूस महिनाभर पलंगावर पडून राहिला की त्याला हा शोध हमखास लागतो.

म्हणूनच आजोबांच्या सागवानी खुर्चीला उन्हाने कितीही छळलं तरी पॉलिशवाला वरचा थर काचपेपरने घासतो आणि आत पुन्हा सागवानच निघतं. मायका घासला तर आधी फोटो जातो आणि मग खाकी कागद दिसू लागतो. शाळेच्या वह्यांना घालतात त्याच कुळातला.

या पदार्थाची मूळ नेमणूक तरी कुठे प्रकाशात होती? १९१३ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात दोन इंजिनिअरांनी फॉर्मायका कंपनी काढली ती विजेच्या यंत्रांना इन्सुलेशन पुरवायला. मोटारीच्या पोटात, काळोखात, कोणाच्या नजरेस न पडता बसणं हे त्याचं काम. पुढे मेलामाइन आलं, हलके रंग आणि नक्षी शक्य झाली आणि हा अंधारातला नोकर हॉलमध्ये मिरवायला लागला. आपण तर त्याला थेट पश्चिमेच्या खिडकीत नेऊन बसवलं.

बरं, पदार्थ काही लेचापेचा नाही. भारतीय मानक आयएस २०४६ मध्ये सजावटी लॅमिनेटच्या ज्या कसोट्या आहेत त्या वाचल्या तर घरी बारसं झाल्याचा भास होतो: उकळतं पाणी, गरम भांडं, डाग, ओरखडे, वरून आदळणारा पोलादी गोळा, एवढंच नव्हे तर जळती सिगारेट. प्रकाशाचीही कसोटी आहे. तिच्यात निळ्या रंगाने रंगवलेले लोकरीचे तुकडे वापरतात. अशा आठ तुकड्यांची एक पट्टी जगभर प्रमाण मानली जाते. पहिला तुकडा लवकर विटतो, आठवा सगळ्यांत चिवट. तुमचा नमुना आणि हे तुकडे एकाच दिव्याखाली ठेवायचे आणि कोण आधी फिका पडतो ते बघत बसायचं. थोडक्यात, रंग टिकेल असं कोणी म्हणत नाही. कोणाच्या आधी उडणार नाही एवढंच सांगतात. कॅटलॉग दाखवणारा मुलगा मात्र म्हणतो, “काका, लाइफटाइम.” कोणाचा, ते तो सांगत नाही आणि आपणही अशुभ नको म्हणून विचारत नाही.

वस्तुसंग्रहालयांत कागदावरची जुनी चित्रं साधारण पन्नास लक्स इतक्या मंद उजेडात ठेवतात. भर दुपारचं उघडं ऊन असतं लाखभर लक्स. आपला टीव्ही युनिटही कागदावरचं चित्रच आहे हे एकदा ध्यानात घेतलं, की त्याने दहा वर्षं तग धरला याबद्दल त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारच करावासा वाटतो.

‘पण खिडकीला काच आहे ना!’ ही पुढची हरकत. आहे. साधी काच सूर्याच्या अतिनील किरणांपैकी कातडी भाजणारे आखूड लांबीचे किरण बहुतेक अडवते. त्याहून लांब लहरींचे, ज्यांना यूव्ही-ए म्हणतात ते, बरेचसे आत सोडते. हे किरण रंगाच्या रेणूंचे बंध तोडतात. बंध तुटला की तो रेणू आधीसारखा प्रकाश शोषत नाही, म्हणजेच रंग दिसत नाही. तो खाली पडलेला नसतो, फडक्याला लागलेला नसतो, मावशींनी नेलेला नसतो. तो राहिलेलाच नसतो. त्यामुळे ‘रंग परत आणणारं’ म्हणून जे काही बाटलीत मिळतं ते काय परत आणणार, याचा विचार बाटली घेण्याआधी केलेला बरा.

पण विचार करायला उसंत कोण देतं? कपाटाचा फोटो एव्हाना कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर गेलेला असतो. वर्षभर फक्त सुप्रभात पाठवणारी माणसं अचानक लाकूडतज्ज्ञ म्हणून बाहेर पडतात. मावशी खोबरेल तेल सुचवते. मामा बूटपॉलिश. मामेभाऊ गाडीचं वॅक्स, कारण त्याच्याकडे गाडी आहे हे त्याला सुचवायचं असतं. एक वहिनी टूथपेस्ट म्हणतात, त्यावर दुसऱ्या वहिनी ‘जेलवाली नको’ अशी दुरुस्ती करतात. अमेरिकेतला चुलतभाऊ कळवतो की अक्रोडाचा गर चोळला की लाकडावरचे ओरखडे जातात. लाकडावर ते काही अंशी खरंही आहे, गरातलं तेल ओरखड्यात उतरतं. इथे मात्र चौदाशे-पंधराशे रुपये किलोचे खरे अक्रोड अक्रोडाच्या फोटोला चोळायचे. सासूबाई उरलेले अक्रोड खाऊन टाकतात. त्या संपूर्ण मोहिमेत शरीराला लागलं असेल ते एवढंच.

खोबरेल तेलाची बाजू मात्र ऐकून घ्यायला हवी, कारण तेल लावल्यावर कपाट खरोखरच गडद दिसतं. मावशी जिंकल्यासारखी वाटते. होतं असं, की उन्हाने वरचा पापुद्रा खरबरीत, खडूसारखा झालेला असतो. त्याच्यावर पडलेला प्रकाश इकडेतिकडे विखुरतो आणि पृष्ठभाग पांढुरका दिसतो. तेल त्या बारीक खाचा भरतं, विखुरणं थांबतं, आणि खालचा जो काही रंग शिल्लक आहे तो डोळ्याला मिळतो. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरची सगळी धूळ त्या तेलावर येऊन बसते आणि कपाटाला एक नवाच, महानगरपालिकेचा रंग येतो.

यातून कामाची गोष्ट एकच निघते आणि ती फुकट आहे. साबणाच्या पाण्याने कपाट नीट पुसा आणि मग एक ओलं फडकं फिक्या डागावरून फिरवा. ओलं असेपर्यंत रंग परत आल्यासारखा दिसला, तर दोष वरच्या पापुद्र्याचा आहे. वॅक्स किंवा गाडीचं पॉलिश लावून महिने-दोन महिने अब्रू वाचेल, मग पुन्हा लावायचं. ओलं करूनही ते फिकंच राहिलं, तर फोटो गेला. मग झाकणं, रंगवणं किंवा बदलणं, यापलीकडे वाट नाही. मिस्त्री बोट फिरवून, खिडकीकडे बघून जे ओळखतात ते हेच. ते फक्त ओलं फडकं वापरत नाहीत, कारण मग व्हिजिटचे पैसे मागता येत नाहीत.

उन्हाचं दुसरं नुकसान रंगाचं नसून गोंदाचं असतं, आणि तिथे दुरुस्तीला खरोखर वाव आहे. रोज दुपारी तापायचं, रात्री निवायचं, पावसाळ्यात दमट व्हायचं, डिसेंबरात सुकायचं. या हेलकाव्यांत मायका आणि खालचा प्लाय सारखे हलत नाहीत. शेवटी कुठेतरी कड उचलते. उचललेली कड हा घरातल्या लहान मुलांसाठी दैवी संकेत असतो. त्यांच्या बोटांना तिथून हलवणं अशक्य. आठवड्यात बोटभर उचललेली कड वीतभर होते. त्यावर घरोघरी जो पहिला उपाय होतो तो सेलोटेप. तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

कडेची पट्टी कारखान्यात गरम गोंदाने चिकटवलेली असेल, तर मात्र इस्त्री कामाला येते. पट्टीवर सुती कापड ठेवायचं, मध्यम गरम इस्त्री फिरवायची, गोंद पुन्हा वितळतो. मग कापडाने दाबून धरायचं, अगदी गार होईपर्यंत. गार होण्याआधी ‘बघू चिकटलं का’ म्हणून नखाने उचलून बघणारा एक माणूस प्रत्येक घरात असतो. इस्त्री चालू असताना त्याला भाजी आणायला पाठवावं.

मोठा मायका उचलला असेल तर आतला जुना, पिवळा पडलेला गोंद खरवडून काढल्याशिवाय काही खरं नाही. हेअर ड्रायरने तापवला की तो मऊ होतो. मग गोंद कोणता, हा प्रश्न. पांढऱ्या फेविकॉलमधलं पाणी लाकडात शोषलं गेलं की तो सुकतो. त्यामुळे आत प्लाय उघडा दिसत असेल तर पांढरा लावून रात्रभर वजन ठेवायचं. वजनासाठी पाटा-वरवंटा उत्तम. तो नसलेल्या घरांत ज्ञानकोशाचे खंड चालतात, त्यांनाही तेवढंच काम उरलं आहे. पण खाली जुना मायकाच असेल तर पाणी जाणार कुठे? पांढरा गोंद आत आठवडाभर ओलाच राहतो. तिथे पिवळा, रबरी, वासाने डोकं धरायला लावणारा गोंद लागतो. तो दोन्ही बाजूंना लावायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की दोन बाजू एकमेकींवर टेकवायच्या. टेकवल्या की संपलं. त्यानंतर सरकवासरकवी नाही, ‘जरा डावीकडे’ नाही. आणि आपल्या घरांत ‘जरा डावीकडे’ म्हणणारी व्यक्ती नेमकी टेकवल्यानंतरच दाराशी येते.

रंगाकडे परत येऊ. रंगवायचं ठरवलं तर दोनशेवीस नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त चमक मारायची, खाकी दिसेपर्यंत जायचं नाही. धूळ पुसायची, गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर लावायचा आणि मग रंगाचे पातळ हात. रंग हाताला सुका लागला तरी आतून पक्का व्हायला काही दिवस घेतो. या काही दिवसांत त्या कपाटावर चहाचा कप ठेवला जाणार नाही अशी व्यवस्था मला आजवर कुठल्याही घरात दिसलेली नाही. पाटी लावा, दोरी बांधा, कप येतोच.

जुन्यावर नवा मायका मारणं हा मिस्त्रींचा आवडता सल्ला. चांगलाही आहे. त्यात एक बारीक गोष्ट ते काम झाल्यावर सांगतात: पत्रा एक मिलिमीटरचा असतो, वरून गोंद, त्यामुळे एकमेकांना भेटणारी दारं आता एकमेकांना भिडतात. बिजागऱ्या सैल करून बसवाव्या लागतात. त्याचे वेगळे.

आणि दूरदृष्टीचे काही गृहस्थ अशा वेळी शांतपणे स्टूल मागवतात. कपाट केलं तेव्हा उरलेला मायक्याचा तुकडा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून, तारीख घालून माळ्यावर ठेवलेला असतो. सगळ्या घराने त्यावरून त्यांची थट्टा केलेली असते. तुकडा खाली येतो. जाळी-जळमटं झटकली जातात. कपाटाला लावून बघतात, आणि तो शेजारच्या फिक्या दारांपुढे काळाकुट्ट दिसतो. बारा वर्षं अंधारात राहून त्याचा रंग जसाच्या तसा राहिलेला असतो, हाच त्याचा दोष. दुकानात तीच शेड शोधायला गेलात तर ती बंद झालेली असते. मिळाली असती तरी तिनेही हेच केलं असतं.

त्यावर एक उपाय आहे. घरात बोलून दाखवाल तर लोक आधी हसतील, पण रंगांच्या संवर्धनाचं काम करणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक असते: पुष्कळसे रंग सुरुवातीला भराभर उडतात आणि पुढे त्यांचा वेग मंदावतो. म्हणजे कपाटाचा उघडा भाग आता फारसा फिका व्हायचा राहिलेला नाही. रुमाल काढा, पेला काढा, टीव्ही भिंतीवर टांगा आणि झाकला गेलेला गडद भाग उन्हाला मोकळा करा. तो जोरात मागे धावत येईल. दोन्ही अगदी सारखे होतील असं नाही, पण रुमालाची झालर पुसट व्हायला लागेल. माळ्यावरच्या तुकड्यालाही बाल्कनीत पापडांशेजारी जागा द्या. मला स्वतःला हा सगळ्यांत मराठी उपाय वाटतो: बिघडलं उन्हाने, आणि इलाज काय, तर ऊन दाखवा. खर्च शून्य. आत्याला तेवढं रुमालाबद्दल काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा.

यापैकी काहीही केलंत तरी खिडकी तिथेच आहे. खिडकीच्या काचेवर लावायची फिल्म मिळते, ती अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवते. पण रंग उडवण्यात डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचाही हात असतो, त्यामुळे फिल्मने वेग कमी होतो, उडणं थांबत नाही. पडदा हवाच. आणि पडद्याचा विचार आपण एप्रिल-मेमध्ये करतो तो, दक्षिणेच्या खिडकीपुरता तरी, सपशेल चुकीच्या महिन्यात. पुण्यात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या उन्हाला दक्षिणेच्या खिडकीतून आत यायला वाटच नसते, लहानसा छज्जाही त्याला पुरतो. कपाट खरं भाजतं ते थंडीत. २१ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांवरच असतो. जमिनीपासून सात फुटांवर संपणाऱ्या, छज्जा नसलेल्या खिडकीतून ते ऊन सहा फूट आत येतं आणि आपण त्याला ‘काय छान कोवळं ऊन आलंय’ म्हणत खुर्ची ओढून बसतो. पश्चिमेच्या खिडकीला तर ऋतूच नाही. तिथे बाराही महिने दुपारनंतर हजेरी असते.

तेव्हा दक्षिणेची खिडकी असेल तर पडद्याचं माप दिवाळीनंतर लगेच देऊन टाका. शिंप्याकडे तेव्हा गर्दी ओसरलेली असते, आणि तुळशीचं लग्न होईपर्यंत ऊन टीव्ही युनिटच्या पायापर्यंत पोचलेलं असतं.